घरखर्च वर्षाचा मांडा: वही, बेगमी, गॅस आणि विजेचा मीटर

पगार महिन्याला येतो म्हणून आपण हिशोबही महिन्याचा ठेवतो. घराचे मोठे खर्च मात्र महिना बघून येत नाहीत. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं आणि गणवेश, भाद्रपदात गणपती, पाठोपाठ दिवाळी, मार्चच्या आत विम्याचा हप्ता, वैशाखात चार लग्नं आणि चार आहेर. दरवर्षी हे त्याच सुमाराला येतं, आणि दरवर्षी आपण म्हणतो, "या महिन्यात जरा ओढाताण आहे." साताऱ्यात चोवीस वर्षं घर चालवून माझं मत पक्कं झालंय की हिशोब वर्षाचा मांडला तरच पैसे हाताला लागतात. कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांची घासाघीस करून ते लागत नाहीत, उलट भाजीवाल्या मावशींचंच पोट मारलं जातं.

मी ज्या क्रमाने एकेक गोष्ट करत गेले त्याच क्रमाने लिहिते आहे. सगळं एकदम करायला घेऊ नका.

आधी महिनाभर नुसतं लिहा

पहिल्या महिन्यात काहीही कमी करायचं नाही, फक्त लिहायचं. साधी दोनशे पानी वही घ्या. रोज रात्री ओटा आवरून झाला की पाच मिनिटं बसा. आता बहुतेक पैसे फोनवरून जातात, त्यामुळे दिवसभराचे व्यवहार फोनमध्येच तारीखवार सापडतात. ते पाहून वहीत उतरवा. हाताने लिहा असं मी मुद्दाम सांगते, कारण "चहा-वडापाव ६०" असं आठवड्यात चौथ्यांदा लिहिताना जे कळतं ते फोनच्या पडद्यावर कळत नाही.

चारच रकाने पुरतात: किराणा-भाजी-दूध, बिलं, बाहेरचं खाणं-फिरणं, आणि "अचानक". महिन्याच्या शेवटी "अचानक" हा रकाना नीट वाचा. माझ्या वहीत पहिल्या वेळी तो सगळ्यांत मोठा निघाला होता. त्यातल्या नोंदी होत्या दुचाकीचा विमा, मुलीच्या शाळेची सहल आणि नणंदेच्या घरची वास्तुशांत. यातलं अचानक काहीच नव्हतं. विम्याची तारीख वर्षभर आधी कागदावर छापलेली होती.

मग वहीच्या शेवटच्या पानावर चैत्र ते फाल्गुन बारा ओळी आखा आणि ज्या त्या महिन्यासमोर येणारे मोठे खर्च लिहा. घरपट्टी, विमा, गाडीचं सर्व्हिसिंग, फी, सण, आहेर, गावाकडची जत्रा. बेरीज करून बाराने भागा. येईल ती रक्कम पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात जाऊ द्या. बँकेचं एक वर्षाचं आवर्ती ठेव खातं यासाठी चांगलं. पोस्टाचं आवर्ती ठेव खातं (आरडी) महिना १०० रुपयांपासून सुरू होतं, पण त्याची मुदत पाच वर्षांची असते, म्हणून ते मुलांच्या पुढच्या शिक्षणासारख्या लांबच्या कामाला ठेवा. पैसे हाताशी असले की आणखी एक फायदा होतो. विम्याचा हप्ता दरमहा भरण्यापेक्षा वर्षाचा एकदम भरला तर थोडा कमी बसतो, आणि घरपट्टी मुदतीच्या आधी भरली तर बऱ्याच नगरपालिका-महापालिका सूट देतात.

वर्षाची बेगमी

आमच्या सासूबाई गुढीपाडवा झाला की गव्हाचं बोलायला लागत. अक्षय्य तृतीयेच्या आत कोठी भरलेली असायची. यामागे रूढीपेक्षा बाजाराचं गणित जास्त आहे. रब्बीचा गहू आणि ज्वारी या दिवसांत नुकती निघालेली असते, माल भरपूर असतो, भाव उतरलेला असतो, आणि वाळवायला कडक ऊन फुकट मिळतं. तोच गहू भाद्रपदात पाच-पाच किलोंनी आणला तर भाव चढा, आणि दमट हवेत तो टिकतही नाही.

चार माणसांच्या घराला वर्षाला किती लागतं याचा माझा अंदाज असा: गहू एक क्विंटल, ज्वारी ६० किलो, तूरडाळ २५ किलो, हरभरा डाळ १० किलो. पोळी जास्त की भाकरी जास्त, यावर तुमचे आकडे बदलतील. पहिल्या वर्षी याच्या निम्मंच घ्या. पोळीला लोकवन गहू मऊ पडतो, भाकरीला मालदांडी ज्वारीची चव दुसऱ्या कशाला नाही. माझ्या वहीप्रमाणे दळणाचे पैसे धरूनही पाकीटबंद आट्यापेक्षा किलोमागे आठ-दहा रुपये कमी पडतात. तूरडाळीत हा फरक याहून मोठा असतो.

घेताना दाणा दाताखाली धरून पाहा. कटकन तुटला तर वाळलेला आहे, दबला तर ओल आहे. एका वर्षी मी ही परीक्षा न करता एका दुकानातून स्वस्त मिळाली म्हणून वीस किलो तूरडाळ उचलली. श्रावणात डब्याचं झाकण उघडलं तेव्हा डाळीवर पांढरा भुगा होता आणि बोट फिरवलं की बारीक भोकं लागत होती. सात-आठ किलो टाकून द्यावी लागली. स्वस्ताईचा सगळा फायदा त्यात गेला, आणि अन्न फेकताना जीव तुटला तो वेगळाच.

वाळवण्याचं काम दोन-तीन दिवसांचं आहे. गच्चीवर जुनी सुती चादर अंथरायची, गहू चार बोटं जाडीचा पसरायचा आणि दुपारी एकदा पायाने फिरवायचा. उन्हं उतरली की लगेच कोठीत भरू नका. गरम धान्य बंद केलं की आत वाफ धरते आणि तीच पुढे कीड आणते. रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्या, चाळून घ्या, मगच भरा. कोठी आधी धुऊन उन्हात कोरडी केलेली असावी. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत चुरचुरीत वाळवून घाला. ओला पाला म्हणजे कोठीत पाणी घालण्यासारखंच. तूरडाळीला दहा किलोमागे दोन-तीन चमचे एरंडेल हाताने चोळून लावतो. डाळ शिजवण्याआधी कोमट पाण्याने धुतली की ते निघून जातं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. धान्यात पाऱ्याच्या गोळ्या घालू नका, पारा विषारी आहे. आणि गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी कितीही खात्रीने दिल्या तरी घरात आणू नका. ओल लागली की त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो आणि बंद घरात माणसं दगावतात.

तांदूळ मी वर्षाचा भरत नाही. त्याला ऊन दाखवलं तर कण्या पडतात आणि बिनउन्हाचा ठेवला तर पाखरं होतात, म्हणून तीन-तीन महिन्यांचा आणते. रवा, मैदा, पोहे महिन्यापुरतेच. बेसन विकत आणण्यापेक्षा हरभरा डाळ दळून घेतलेली बरी. ज्वारीचं पीठ मात्र पंधरा दिवसांवर दळू नका. पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडेने चिरते आणि मग ती कुणी आवडीने खात नाही. वाया गेलेली भाकरी हीही उधळपट्टीच.

कांदा घेताना जात बघा. खरिपाचा लाल कांदा साठवणीचा नाही, महिन्याभरात कोंब फुटतात नाहीतर सडतो. एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळी कांदा चांगली पात सुकलेला, मान बारीक असलेला घेतला तर चार-पाच महिने टिकतो. आम्ही लोणंदचा घेतो. पलंगाखाली वारं लागेल असा जाळीच्या पिशवीत पसरून ठेवायचा, आठवड्याला एकदा हात फिरवून मऊ पडलेले आधी वापरायचे. बटाटे त्याच्याजवळ ठेवू नका. लसूण, चिंच आणि लाल मिरचीही उन्हाळ्यातच. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला. दोन्ही वाळवून डंकावरून कुटून आणली की वर्षाचा कांदा-लसूण मसाला घरचा होतो.

गॅस: टाकीवर तारीख लिहा

नवीन सिलिंडर लावला की त्याच दिवशी खडूने त्यावर तारीख लिहा. एवढ्या एका सवयीने आमच्याकडे ३६ दिवस चालणारा सिलिंडर ४७ दिवसांवर गेला, कारण किती दिवस गेला ते दिसायला लागलं आणि मग कारणं शोधावीशी वाटली.

घेताना वजन करून मागा. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्या टाकीचं वजन यायला हवं. सिलिंडरवाले दादा काटा काढायला नाखूश असतात, पण मागितला तर देतात.

सगळ्यांत जास्त गॅस कुकरपाशी वाचतो. आमटीची डाळ, भात आणि बटाटे तिन्ही एकावर एक डब्यांत एकाच वेळी लावा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक. कुकरच्या आत एकदा दाब तयार झाला की पदार्थ त्यावर शिजतो. मोठ्या आचेवर वाजणारी प्रत्येक शिट्टी म्हणजे पैसे देऊन तयार केलेली वाफ बाहेर सोडणं. डाळ अर्धा तास आधी भिजवली, राजमा-छोले रात्रभर भिजवले तर वेळ खूपच कमी होतो. आच बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्या, तेवढ्यात डाळ आणखी मऊ होते. चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडायची घाई नको.

ज्योत निळी असावी. पिवळी आणि भांड्याला काजळी धरणारी दिसली तर बर्नर निघतो का पाहा, निघत असेल तर गरम पाणी-सोड्यात बुडवून दाताच्या जुन्या ब्रशने घासा. फ्रिजमधलं दूध, कणीक, उरलेली भाजी अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा, बर्फासारखं भांडं शेगडीवर चढवू नका. आणि ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येऊ देऊ नका. लहान पातेल्याला लहान बर्नर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

वीज: मीटरसमोर दहा मिनिटं

बिल हातात आलं की आपण शेवटचा आकडा बघतो. त्याआधी वापरलेली युनिटं बघा. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटं एका दराने आणि १०१ ते ३०० पर्यंतची त्याच्या जवळजवळ दुप्पट दराने लागतात. पुढचे टप्पे आणखी महाग. बरेच जण समजतात की १०० च्या वर गेलं की सगळीच युनिटं महाग होतात. तसं नाही, फक्त वरची तेवढी महाग होतात. पण म्हणूनच वाचवलेलं प्रत्येक वरचं युनिट जास्त मोलाचं. महिन्याला १३० युनिटं जाणाऱ्या घराने ३० कमी केली तर ती तीसच्या तीस महागड्या दरातली कमी होतात.

एक युनिट म्हणजे १००० वॅट तासभर. हे डोक्यात बसलं की घरातली कुठलीही वस्तू मोजता येते. आता हे करून पाहा. रात्री सगळे दिवे-पंखे बंद करा, दोन मिनिटं फ्रिजचंही बटण बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा बघत उभे राहा. किती लुकलुकींना एक युनिट होतं ते मीटरवर छापलेलं असतं. आमच्यावर ३२०० आहे. सगळं बंद असूनही आमचा दिवा दर चाळीस सेकंदांनी लुकलुकत होता. तासाला ९० लुकलुकी, ३२०० ने भागल्या की ०.०२८ युनिट, म्हणजे २८ वॅट चोवीस तास, महिन्याला साधारण २० युनिटं! टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, वायफायचा डबा, पाण्याचं मशीन आणि भिंतीत खोचून ठेवलेले चार्जर. रिमोटने बंद केलेला बॉक्स बंद नसतोच. मी टीव्ही, बॉक्स आणि वायफायसाठी एकच बटणवाला बोर्ड लावला आणि झोपताना तो बंद करते.

पंख्याचा हिशोब माझ्या आवडीचा आहे. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास चालला तर जुन्याला महिन्याला २७ युनिटं, नव्याला ११. सगळे एकदम बदलायची गरज नाही. जो पंखा सर्वांत जास्त तास चालतो तो आधी बदला, बहुतेक घरांत तो झोपायच्या खोलीतला असतो. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून पैसे कधी वसूल होणार?

गीझरमधलं १५ लिटर पाणी चांगलं कढत व्हायला साधारण पाऊण युनिटापेक्षा थोडं कमी लागतं. २००० वॅटचा असेल तर वीस मिनिटांचं काम. आंघोळी एकापाठोपाठ एक करा आणि शॉवरऐवजी बादली घ्या, पाणी आणि वीज दोन्ही मोजूनमापून जातात. फ्रिजच्या दारात कागदाचा तुकडा अडकवून दार लावा, कागद सहज ओढला गेला तर दाराचं रबर सैल झालंय. रबर बदलायला फार खर्च येत नाही. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे असू द्या. नवीन घेताना लेबलवरच्या ताऱ्यांकडे (स्टारकडे) तर बघाच, पण त्याच लेबलवर वर्षाची युनिटंही छापलेली असतात, ती दोन फ्रिजची शेजारी-शेजारी मांडा. कागदी बिल बंद करून महावितरणच्या गो-ग्रीनमध्ये नाव घातलं की तिथेही सूट मिळते.

ताटात आणि पातेल्यात

स्वयंपाकघरातली खरी गळती विकत आणून न खाल्लेल्या अन्नाची असते. शुक्रवारी रात्री फ्रिज रिकामा करायचा आणि शनिवारी आठवडी बाजाराला जायचं, हा आमचा नेम. शुक्रवारच्या जेवणात जे काही असेल ते चालतं: फोडणीची पोळी, फोडणीचा भात, उरलेल्या वरणात कणीक भिजवून केलेले पराठे, ताक जास्त आंबलं तर कढी.

दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी, कोथिंबिरीचे देठ आमटीच्या वाटणात. आपल्या आज्यांनी हे सगळं केलंय. नव्या मुलींना मी सांगते की शिरांची चटणी काटकसर म्हणून करू नका, चवीसाठी करा. तीळ-खोबरं आणि लसणाबरोबर शिरा मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता, दुसऱ्या दिवशी दोडका आणताना शिरांसाठीच आणाल.

रोज लिटरभर म्हशीचं दूध येत असेल तर साय टाकू नका. एका भांड्यात विरजण लावून साय साठवत गेलं की आठवड्याला लोणी निघतं आणि महिन्याला पाऊण किलोच्या आसपास रवाळ तूप. ताक उरतं ते वेगळंच, आणि कढवलेल्या भांड्यातल्या बेरीवर साखर घालून खायला आमच्या मुलीची अजून धावपळ असते.

दुकानात पाकिटावरचा प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दर वाचा, तो आता छापलेला असतो. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं असं नाही. तेलाची पिशवी घेताना लिटर की किलो ते बघा. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅमच भरतं, आणि हल्ली लिटरसारख्या दिसणाऱ्या पण कमी मापाच्या पिशव्याही असतात.

जिथे हात आखडायचा नाही

मुलांचं दूध, फळं, अंडी. म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या. गोळ्या महाग वाटत असतील तर डोस कमी करू नका. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात विचारा, बऱ्याचदा किंमत निम्म्याहून कमी असते. गॅसची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायचीच, तिच्यावर छापलेली मुदत आजच बघून घ्या. घरात कामाला येणाऱ्या मावशींचे पैसे आणि दिवाळीचा बोनस हाही वर्षाच्या पानावर आधीच लिहिलेला असावा, म्हणजे आश्विनात त्यांच्यासमोर हात आखडायची वेळ येत नाही.

पाण्याचं आरओ मशीन घेण्याआधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, तपासून घ्या. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत तो पिण्याला योग्य धरतात. नळाचं पाणी मुळातच गोडं असेल तर आरओला पैसे देऊन आपण बादल्यांनी पाणी मोरीत सोडतो. असलंच तर त्याचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला धरा.

सुरुवात कुठून करायची

बेगमीचं वाचून बऱ्याच जणी विचारतात, "ताई, एकदम एवढ्या धान्याचे पैसे आणायचे कुठून?" प्रश्न रास्त आहे. कर्ज काढून किंवा दागिना ठेवून कोठी भरू नका. आत्ता पावसाळा चालू असेल तर धान्याला हातच लावू नका. वही सुरू करा, मीटरसमोर उभ्या राहा, कुकरची आच बारीक करा. दर महिन्याला वीज आणि गॅस मिळून जेवढे वाचतील तेवढे त्याच दिवशी वेगळ्या डब्यात किंवा खात्यात टाका आणि त्यावर "गहू" असं लिहून ठेवा. आम्ही पहिल्या वर्षी या पैशांतून फक्त पन्नास किलो गहू घेतला. दुसऱ्या वर्षी गहू आणि तूरडाळ. ज्वारी आणि मिरची तिसऱ्या वर्षी आली. भरलेल्या कोठीमुळे किराण्याचं महिन्याचं बिल उतरतं, आणि ते उतरलेले पैसे पुढच्या चैत्राच्या डब्यात पडतात.